लहरीचा आकार आणि रेणूचे उत्तर

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरची काही नवी प्रतिजैविके या केंद्रात घडली. त्यांतल्या लिव्होनॅडिफ्लॉक्सासिनला जानेवारी २०२० मध्ये भारतात मंजुरी मिळाली. नाफिथ्रोमायसिन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसमोर आले. असा नवा रेणू पहिल्यांदा तयार होतो तेव्हा रसायनशास्त्रज्ञाला आधी एक खात्री करून घ्यावी लागते. फ्लास्कमध्ये जे उतरले आहे, ते आपल्याला हवे होते तेच आहे का? फ्लोरिन कुठल्या कार्बनवर बसला, कुठल्या नायट्रोजनला काय जोडले गेले, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ते सांगते एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. नव्या औषधांच्या पेटंटमध्ये एकेका संयुगापुढे दशांश आकड्यांची लांब रांग छापलेली असते, ती याच तपासणीची साक्ष. रुग्णालयातला एमआरआयही त्याच तत्त्वावर चालतो.

एनएमआरच्या यंत्रात नमुन्याला हात लावणारी एकच गोष्ट असते: अगदी थोड्या वेळाची रेडिओलहर. प्रयोगशाळेत तिला सगळे पल्स म्हणतात. ही पल्स केव्हा, किती जोराने, किती वेळ आणि कोणत्या आकाराची द्यायची यावर रेणू काय सांगेल ते ठरते. हा आकार शोधण्याचे काम गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागले आहे. एआयविषयी रोज जे बोलले जाते त्यात हा उपयोग फारसा येत नाही. माझ्या मते मात्र तिचा हा सर्वांत भरवशाचा उपयोग आहे, कारण यंत्राने सुचवलेले उत्तर इथे कुणाच्या मतावर सोडावे लागत नाही. फेलिक्स ब्लॉख यांनी १९४६ साली मांडलेल्या समीकरणांवर ते घासून बघता येते आणि मग चुंबकातही तपासता येते.

हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन असतो आणि तो स्वतः अतिसूक्ष्म चुंबक असतो. एरवी हे चुंबक हव्या त्या दिशेला तोंड करून असतात. नमुना जोरदार चुंबकात ठेवला की किंचित जास्त प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने राहतात. किंचित म्हणजे किती? ज्याला ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र म्हणतात, त्याचे क्षेत्र ११.७ टेस्ला असते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अडीच-तीन लाख पट. एवढ्या क्षेत्रातही खोलीच्या तापमानाला लाख प्रोटॉनांमागे जेमतेम चारांचे पारडे जड असते. बाकीच्यांचे परिणाम एकमेकांत फिटून जातात. एनएमआरचा सगळा संसार या चौघांवर चालतो, म्हणून या शास्त्रात थोडासाही संकेत वाया जाणे परवडत नाही.

हे चुंबक बाहेरच्या क्षेत्राभोवती ठरावीक वेगाने फिरत राहतात, दर टेस्लामागे सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेऱ्या. १.५ टेस्लाच्या एमआरआयमध्ये ही वारंवारता ६४ मेगाहर्ट्झ होते, ३ टेस्लाच्या यंत्रात १२८. आकाशवाणीचा एफएम पट्टा ८८ ते १०८ चा, म्हणजे या दोहोंच्या मधोमध. एमआरआयच्या खोलीच्या भिंतीत धातूचे आवरण घालतात ते याचसाठी: बाहेरची रेडिओ केंद्रे आत ऐकू येऊ नयेत. त्याच वारंवारतेची लहर कॉइलमधून दिली की प्रोटॉनांचे एकत्रित चुंबकत्व उभ्याचे आडवे होते. किती वळेल हे लहरीचा जोर आणि काळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. नव्वद अंशांत वळवणारी पल्स, एकशे ऐंशी अंशांत उलटवणारी पल्स, अशी तिची नावे आहेत. पल्स थांबली की आडवे झालेले चुंबकत्व फिरत राहते आणि त्याच कॉइलमध्ये सूक्ष्म व्होल्टेज उमटवते. तोच संकेत. (एमआरआयच्या बोगद्यात जी ठकठक ऐकू येते ती या लहरीची नव्हे. ती क्षेत्र जागोजाग बदलणाऱ्या वेगळ्या कॉइल्सची. पल्स स्वतः निःशब्द असते.)

रेणूतल्या प्रत्येक प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनांचे कवच निराळे, त्यामुळे त्याची वारंवारताही दशलक्षात काही भागांनी निराळी. रसायनशास्त्राला एनएमआर मिळाले ते या फरकामुळे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथेनॉलचा वर्णपट छापला. त्यात तीन शिखरे होती आणि त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक या प्रमाणात होती: मिथिल गटाचे तीन प्रोटॉन, मिथिलीनचे दोन, हायड्रॉक्सिलचा एक. रेणूची घडण आकड्यांत वाचता येते हे त्या एका आकृतीने दाखवले. यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५० च्या दशकातच त्यांनी तिथे एनएमआरचा गट उभा केला. भारतातल्या या शास्त्राची सुरुवात जिथून झाली त्यांत हा गट अग्रभागी होता. उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा पुढे त्याच संस्थेत, कुलाब्याला, उभी राहिली. इतक्या महत्त्वाच्या कामात सहभागी असलेल्या माणसाचे नाव आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच दिसते, याची मला खंत वाटते.

त्या काळात वर्णपट काढायचा तर एकेक वारंवारता हळूहळू सरकवत न्यावी लागे. १९६६ साली रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी ते बदलले: एकच आखूड पल्स द्यायची, सगळे प्रोटॉन एकदम वळवायचे, मिसळून आलेला संकेत नोंदवायचा आणि फूरिएच्या गणिताने त्याचे सुटे सुटे भाग करायचे. अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इथपासून पल्स हा या शास्त्राचा मुख्य शब्द झाला, आणि तिच्या अडचणीही इथेच सुरू झाल्या.

टाळी वाजवली की तिच्यात खालचे-वरचे सगळे स्वर मिसळलेले असतात; बासरीचा सूर लांबवला तर एकच स्वर स्पष्ट ओळखू येतो. लहरींचेही तसेच आहे. पल्स आखूड असेल तर तिचा वारंवारतेचा पट्टा रुंद, लांब असेल तर अरुंद. सगळ्या प्रोटॉनांना एकदम वळवायचे तर दहा मायक्रोसेकंदांची आखूड, दणकट पल्स हवी. त्यांतल्या एकालाच वळवायचे तर काही हजार मायक्रोसेकंदांची लांब, मंद पल्स हवी, आणि तिचा चढ-उतारही नीट घडवलेला हवा. नुसती चौकोनी पल्स दिली, म्हणजे एकदम चालू आणि एकदम बंद, तर तिच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान लाटा पसरतात आणि ज्यांना धक्का लागायला नको त्यांनाही तो लागतो.

रुंद पट्ट्याची गरज चुंबक वाढले तशी वाढत गेली. कार्बनची शिखरे सुमारे २०० पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात २०० भागांत, पसरलेली असतात. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात हा पसारा २५ किलोहर्ट्झचा होतो, १.२ गिगाहर्ट्झच्या यंत्रात ६० किलोहर्ट्झचा. असे २८.२ टेस्लाचे पहिले यंत्र २०२० मध्ये इटलीत फ्लोरेन्सला बसले. फ्लोरिन तर कार्बनच्याही पुढे आहे. लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन ज्या फ्लुओरोक्विनोलोन कुळातले, त्या कुळातल्या औषधांत फ्लोरिन असतोच, आणि निसर्गातला सगळा फ्लोरिन एनएमआरला दिसणारा असल्यामुळे औषधशास्त्रात त्याला फार भाव आहे. पण फ्लोरिनची संयुगे ३०० पीपीएम आणि त्याहूनही जास्त पसरलेली असतात. ५०० च्या यंत्रात हे १४० किलोहर्ट्झ झाले. दहा-बारा मायक्रोसेकंदांची साधी पल्स इतक्या पट्ट्यावर सारखी चालत नाही. मधल्या केंद्रकांना ती बरोबर वळवते, टोकांच्यांना अर्धवट. मग टोकाची शिखरे बारीक होतात, तिरपी होतात, कधी नाहीशीही होतात.

पल्स आणखी आखूड करून जोर वाढवला तर? काळ निम्मा केला की तेवढेच वळवायला लहरीची उंची दुप्पट लागते, म्हणजे शक्ती चौपट. अ‍ॅम्प्लिफायरला मर्यादा असते, नमुना धरणाऱ्या प्रोबमधल्या कॉइलला तर फारच. जास्त व्होल्टेज दिले की तिथे ठिणगी पडते आणि लाखो रुपयांचा प्रोब कामातून जातो. शिवाय कॉइलचे रेडिओक्षेत्र नमुन्याच्या नळीत सगळीकडे सारखे नसते. वरच्या-खालच्या कडांना ते कमी पडते. म्हणजे ज्या पल्सला आपण एकशे ऐंशी अंशांची म्हणतो ती नळीच्या मध्यभागी तेवढी असते आणि कडेला एकशे साठचीही भरू शकते.

यावर माणसांनी काढलेले तोडगे सुंदर आहेत. १९७९ साली माल्कम लेव्हिट आणि रे फ्रीमन यांनी एका मोठ्या पल्सऐवजी तीन पल्स एकापाठोपाठ दिल्या: नव्वद अंश, मग दिशा बदलून एकशे ऐंशी, मग परत नव्वद. पहिल्या पल्सची चूक मधली पल्स उलटवते आणि तिसरी ती भरून काढते. हा तोडगा कागदावर चित्र काढून समजतो. पुढचे सगळे असे समजत नाही. पल्सचे हजार तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला फक्त दहाच दिशांची मुभा दिली, तरी शक्य आकारांची संख्या एकावर हजार शून्ये इतकी होते. फ्रीमन यांनी हे लवकर ओळखले. १९८७ साली त्यांनी आणि वू शिली यांनी उत्क्रांतीच्या पद्धतीने, म्हणजे आकारांत छोटे छोटे फेरफार करून चांगले राखत, वाईट टाकत, पल्स घडवण्याचा प्रयोग छापला. १९९१ मध्ये गीन आणि फ्रीमन यांनी धातू तापवून सावकाश थंड करण्याच्या कल्पनेवर बेतलेली शोधपद्धत वापरून ‘बर्प’ नावाच्या पल्सचे कुटुंब तयार केले, आणि त्यातल्या पल्स आजही रोजच्या वापरात आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची पावले या क्षेत्रात त्या शब्दाचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधी पडली होती.

२००५ सालची पायरी मोठी होती. नवीन खनेजा, जर्मनीतले स्टेफेन ग्लासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रेप’ नावाची पद्धत मांडली. खनेजा तेव्हा हार्वर्डला होते. पुढे ते पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. पद्धतीचे मर्म असे: सुरुवातीच्या स्थितीपासून पुढे आणि हव्या असलेल्या शेवटापासून मागे, असे दोन हिशेब केले की पल्सच्या प्रत्येक तुकड्याला कोणत्या दिशेने सरकवल्यास निकाल सुधारेल हे एकदमच कळते. हजार तुकडे एकेक करून चाचपडायची गरज उरत नाही. नियंत्रणशास्त्र, म्हणजे अग्निबाण किंवा यंत्रमानव हव्या वाटेने नेण्याचे गणित, स्पिनच्या, म्हणजे या केंद्रकीय चुंबकांच्या, जगात आले ते या वाटेने. तिची एक उणीव आहे. जिथून सुरुवात करू तिथून जवळच्या टेकडीवर ती हमखास चढते. पलीकडे यापेक्षा उंच शिखर असेल तर ते तिला दिसत नाही. म्हणून काहींनी उत्क्रांतीची वाट सोडली नाही. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये टी. एस. महेश यांच्या गटाने २०१६ मध्ये पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा दोनच अवस्थांच्या पल्स जनुकीय अल्गोरिदमने जुळवल्या आणि तीन स्पिनच्या रेणूवर क्वांटम शोधाचा अल्गोरिदम करून दाखवला. पल्सला दोनच अवस्था असल्यामुळे मूळ हिशेब एकदाच करावा लागतो आणि संगणकाचा वेळ पुष्कळ वाचतो.

आता आजच्या पद्धतींकडे येऊ. न्यूरल नेटवर्क पल्सच्या कामाला दोन निराळ्या तऱ्हांनी लागते. पहिल्या तऱ्हेत जुनी पद्धत गुरू असते. संगणकावर ग्रेपसारख्या गणिताने हजारो मागण्यांसाठी हजारो पल्स आधी तयार करतात आणि मागणी व पल्स अशा जोड्या नेटवर्कला दाखवतात. शिकून झाले की नवी मागणी सांगताच ते पल्स काढून देते. डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये मॅड्स विंडिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे एमआरआयसाठी करून दाखवले, आणि पल्स मिलिसेकंदांत मिळू लागली. रुग्ण बोगद्यात पडलेला असताना याला किंमत आहे. प्रत्येक माणसाच्या शरीरात रेडिओक्षेत्र निराळे पसरते. ते मोजून त्याच माणसासाठी पल्स घडवायची तर तो हिशेब त्याला ताटकळत न ठेवता व्हायला हवा.

दुसऱ्या तऱ्हेत गुरू कुणी नसतो, परीक्षक असतो. २०२१ साली सोलच्या शिन, ली आणि सहकाऱ्यांनी ‘डीपआरएफ’ छापले. त्यात यंत्र एकेक तुकडा स्वतःच ठरवत पल्स रचते, ब्लॉखच्या समीकरणांवर आधारलेला प्रोग्रॅम तिचा निकाल काढतो, जमले तर गुण देतो. असे असंख्य वेळा झाल्यावर जी चांगली बीजे उरतात त्यांना शेवटी नेहमीच्या गणिताने रंधा मारतात. आलेल्या पल्स रूढ पल्सइतकेच काम कमी ऊर्जेत करत होत्या. त्याहून लक्षात राहते ते त्या लेखकांचे निरीक्षण: यांतल्या काही पल्स चुंबकत्वाला अशा वाटेने नेतात की ती रूढ सिद्धांताने समजावणे कठीण जाते. लेव्हिट-फ्रीमनच्या तीन पल्स चित्रात दाखवता येतात, या दाखवता येत नाहीत. यामुळे काही जाणकार अस्वस्थ होतात. मला वाटते, इथे त्या अस्वस्थतेला फार कारण नाही. कर्ज कुणाला द्यावे किंवा आजार कोणता आहे हे एखादे नेटवर्क सांगते तेव्हा ते का म्हणाले हे कळणे अत्यावश्यक असते, कारण ते बरोबर आहे का हे लगेच तपासायचा मार्ग नसतो. पल्सच्या बाबतीत तो असतो. सामान्य लॅपटॉपवर क्षणात आणि चुंबकात काही मिनिटांत. तपासणीसाठी कुणा रुग्णाची माहितीही गोळा करावी लागत नाही. शिकायला लागणारी उदाहरणे समीकरणेच हवी तितकी पुरवतात.

रसायन आणि जीवशास्त्राच्या बाजूने अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जानलुईजी वेल्या यांच्या प्रयोगशाळेने हे काम पुढे नेले. तिथल्या व्ही. एस. मनू यांनी आधी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनिल कुमार यांच्याबरोबर जनुकीय अल्गोरिदमने एनएमआरच्या पल्स घडवल्या होत्या; अनिल कुमार म्हणजे १९७५ साली अर्न्स्ट यांच्याबरोबर फूरिएच्या गणिताने चुंबकीय प्रतिमा काढण्याची पद्धत मांडणारे शास्त्रज्ञ. मिनेसोटात उत्क्रांतीची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घालून बनवलेल्या पल्स २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आल्या. हेतू होता प्रथिनांचा अभ्यास वेगाने करण्याचा.

वेग का हवा, हे समजून घेण्यासारखे आहे. एकदा वळवलेले चुंबकत्व परत उभे राहायला सेकंदभर किंवा अधिक वेळ घेते, आणि प्रथिनाच्या प्रयोगात हीच क्रिया हजारो वेळा करावी लागते, त्यामुळे यंत्राचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. प्रथिनाच्या कण्याचे अमाइड प्रोटॉन साधारण साडेसहा ते दहा पीपीएममध्ये असतात, पाणी ४.७ वर आणि बाकीचे बहुतेक त्याच्याही खाली. फक्त अमाइडांना वळवले आणि इतरांना अजिबात धक्का लावला नाही, तर अमाइडांची ऊर्जा शेजारच्या शांत प्रोटॉनांत झपाट्याने मुरते आणि ते लवकर उभे राहतात. पुढची फेरी लगेच सुरू करता येते. अट एवढीच की पल्सची कड धारदार हवी, पट्ट्याच्या आत सगळ्यांना सारखे वळवणारी आणि पट्ट्याबाहेर, विशेषतः पाण्याशी, संपूर्ण गप्प राहणारी. तेही कॉइलचे क्षेत्र कमी-जास्त असताना. इतक्या अटी एकदम पाळणारा आकार हाताने सापडणे दुरापास्त, आणि यंत्राची मदत खरी उपयोगी पडते ती अशाच ठिकाणी.

पाण्याला गप्प करणे हे रुग्णालयातल्या स्पेक्ट्रोस्कोपीचेही मोठे दुखणे आहे. एमआरआयचेच यंत्र मेंदूच्या एखाद्या लहान भागातली रसायने मोजू शकते: चेतापेशींची खूण मानले जाणारे एनएए २.० पीपीएमवर, क्रिएटिन ३.० वर, कोलीन ३.२ वर, ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींचे लॅक्टेट १.३ वर. गाठ कर्करोगाची आहे की जंतुसंसर्गाची, यासारख्या शंकांत डॉक्टरांना याचा आधार मिळतो. पण पाण्याचा संकेत या रसायनांपेक्षा हजारो पटींनी मोठा. ३ टेस्लाच्या यंत्रात एक पीपीएम म्हणजे १२८ हर्ट्झ, तेव्हा पाणी आणि कोलीन यांच्यात दोनशे हर्ट्झसुद्धा अंतर उरत नाही. एवढ्या फटीत पाणी दाबायचे आणि कोलीनला हात लावायचा नाही. दुसरा घोटाळा जागेचा. ठोकळ्याची, म्हणजे मोजायच्या त्या लहान भागाची, जागा निवडणाऱ्या पल्सचा पट्टा १,२०० हर्ट्झचा असेल, तर पाणी आणि एनएए यांच्यातल्या ३४५ हर्ट्झच्या फरकामुळे २ सेंटिमीटरच्या ठोकळ्याची जागा दोघांसाठी सुमारे ६ मिलिमीटरने निराळी पडते. ठोकळा गाठीच्या कडेवर ठेवला असेल तर एक रसायन गाठीतले मोजले जाते आणि दुसरे शेजारच्या निरोगी भागातले. रुंद पट्ट्याची पल्स हा त्यावर उपाय आहे, पण ती जास्त ऊर्जा ओतते आणि शरीर तापते. रुग्णाच्या शरीरात दर किलोमागे किती ऊर्जा जाऊ द्यायची यावर कडक मर्यादा आहेत. कमी ऊर्जेत रुंद पट्टा देणारा आकार सापडला तर निदानाचा दर्जा वाढतो.

इथे संभाजीनगरचेच आणखी एक काम आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीचा अभ्यास केला. विजेची अतिवेगवान पल्स, जिचा चढ पिकोसेकंदांतच पूर्ण होतो, केबलमधून द्रवावर सोडायची, परत आलेली पल्स नोंदवायची आणि दोघींच्या फरकावर फूरिएचे गणित चालवून द्रवाचे विद्युतगुण काढायचे. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. अल्कोहोल आणि पाण्याची मिश्रणे त्यांनी तपासली. १९९१ साली मध-पाण्याच्या मिश्रणाचे गुण १० मेगाहर्ट्झ ते १० गिगाहर्ट्झपर्यंत मोजून छापले. ही परंपरा पुढे नांदेडच्या विद्यापीठातही रुजली.

वरवर पाहता हे एनएमआर नाही. पण एमआरआयच्या पल्सचे शरीरात काय होते हे ज्या गुणावर ठरते तो हाच गुण आहे. पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक ऐंशीच्या आसपास असल्यामुळे पाण्यात रेडिओलहरीची लांबी हवेतल्यापेक्षा सुमारे नऊ पटींनी आखूड होते. १२८ मेगाहर्ट्झची लहर हवेत २.३ मीटरची, तर पाण्याने भरलेल्या ऊतीत सुमारे २६ सेंटिमीटरची. ७ टेस्लाच्या यंत्रात ती ११ सेंटिमीटरच उरते, माणसाच्या डोक्याहून लहान. मग लहरी एकमेकींवर आदळतात. डोक्याच्या मध्यभागी पल्स जास्त वळवते आणि कानांपाशी कमी. जागोजागचे हे कमी-जास्त आधी कळल्याशिवाय शरीरासाठी चांगली पल्स बनवता येत नाही, आणि ते कळायला ऊतींचे विद्युतगुण माहीत असावे लागतात. क्षेत्र सगळीकडे सारखे धरून शिकलेले नेटवर्क खऱ्या डोक्यात फसते ते इथेच.

नेटवर्कला जी अपूर्णता दाखवली तेवढीच त्याला ठाऊक असते, हा या कामाचा खरा अडसर आहे. अ‍ॅम्प्लिफायर दिलेला आकार हुबेहूब बाहेर काढत नाही. दिशा झटकन बदलायला सांगितली की कॉइल क्षणभर मागे रेंगाळते. लांब पल्स चालू असतानाच काही चुंबकत्व विरून जाते. हे सगळे प्रोग्रॅममध्ये घातले नसेल तर पडद्यावर नव्व्याण्णव टक्के अचूक दिसणारी पल्स नळीत नव्वदवर येते. शिवाय ब्लॉखची समीकरणे सुट्या स्पिनची आहेत. स्पिन एकमेकांना जोडलेले असतील तर प्रत्येक नव्या स्पिनगणिक हिशेबाचा आकार दुप्पट होत जातो, आणि वीसेक स्पिनच्या पुढे मोठे संगणकही पूर्ण हिशेबाला धापा टाकतात.

तरीही हे काम परवडणारे आहे, म्हणून मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या विभागांनी ते हाती घ्यावे असे मनापासून वाटते. चुंबक कोट्यवधी रुपयांचे असते, पण पल्स आधी संगणकावरच घडते. स्पिनॅच, सिम्पसन यांसारखे स्पिनचे हिशेब करणारे प्रोग्रॅम संशोधनासाठी खुले आहेत. एमआरआयच्या पल्स यंत्राला सांगण्यासाठी पल्सेक नावाची खुली पद्धत आहे. ब्लॉखच्या समीकरणांचा छोटा प्रोग्रॅम तर एमएस्सीचा विद्यार्थी आठवडाभरात लिहू शकतो. तयार झालेली पल्स म्हणजे उंची आणि दिशा यांच्या आकड्यांचे दोन स्तंभ, एक साधी फाइल. ती घेऊन जिथे यंत्र आहे तिथे जायचे, नळीत पाणी किंवा फ्लोरिनचे एखादे साधे संयुग भरायचे, शिमिंग करून, म्हणजे क्षेत्र एकसारखे करून, नव्वद अंशांची पल्स मोजून घ्यायची. मग यंत्राची वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-दोन किलोहर्ट्झने सरकवत प्रत्येक ठिकाणी आपल्या पल्सने किती संकेत दिला ते नोंदवायचे, आणि हाच फेरा जोर दहा टक्क्यांनी वाढवून व कमी करून पुन्हा करायचा. दुपारभराच्या कामात तीन आलेख हाती येतात. ते संगणकाने सांगितलेल्या आलेखांवर ठेवले की कुठे जुळते आणि कुठे फाटते ते दिसते, आणि जिथे फाटते तिथली अपूर्णता प्रोग्रॅममध्ये घालून पुढची पल्स घडवायला बसता येते.